मामांची पेटी, कीबोर्ड आणि पायातला भाता: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले मामा गेल्या दिवाळीपासून वाजवत नाहीत. डावा खांदा धरलाय, भाता मारणं डॉक्टरांनी बंद केलंय. उजवा हात एकदम ठणठणीत आहे, बोटं अजून पळतात, पण भात्याविना पेटी म्हणजे लाकडाची पेटीच राहते. मंडळात दुसरा एक पोरगा पेटी धरतोय आणि चांगली धरतोय, तरी बुवांनी तान सोडली की मामा जिथं येऊन थांबायचे तिथं अजून कुणी येत नाही, हे सगळ्यांना कळतंय.

प्लॅन असा: माझ्याकडं ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, यूएसबी असलेला. त्याचा स्वतःचा आवाज वापरायचा नाही. कीबोर्डनं फक्त मिडी, म्हणजे कुठली पट्टी दाबली त्याचे आकडे, द्यायचे, आवाज लॅपटॉपमधनं काढायचा, आणि तो आवाज मामांच्याच पेटीचा असणार, एकेक सूर रेकॉर्ड करून. भाता पायात द्यायचा. गणपतीत बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावात दरवर्षी आमचं भजन असतं, तिथं मामांना बसवायचं आहे.

रेडीमेड हार्मोनियमचे आवाज नेटवर ढिगानं आहेत, कीबोर्डमध्येसुद्धा एक आहे. ते सगळे ऐकून झाले. बरेचसे एकाच दमात एकसारखे वाजतात, श्वास नाही त्यांना. बेळगावात पेटीचा कान तयार असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांची पेटी समोर बसून ऐकलेली माणसं अजून कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसतात, त्यांच्यापुढं असलं काही ठेवायची माझी तयारी नाही.

१२ जून

रात्री कीबोर्ड लॅपटॉपला जोडला. ड्रायव्हर लागला नाही, लगेच ओळखला. होस्ट म्हणून, म्हणजे मिडी घेऊन आवाज काढणारं सॉफ्टवेअर म्हणून, रीपर घेतलं, कारण त्यात स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहिता येते आणि ती पुढं लागणार आहे.

पहिल्यांदा लोकल कंट्रोल ऑफ केला. तो चालू असला की कीबोर्ड स्वतःही वाजतो आणि लॅपटॉपही वाजतो, दोन आवाज एकावर एक. कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्य करूनही काम भागतं पण स्टेजवर कुणाचा तरी हात त्या नॉबला लागणारच. मग चॅनेल १ सोडून बाकीचं सगळं होस्टमध्ये गाळून टाकलं. ऱ्हिदमचं बटण चुकून दाबलं गेलं तर त्याचे ड्रम दुसऱ्या चॅनेलवरनं येतात, ते पेटीच्या आवाजात वाजायला लागले तर भजनाची वाट लागेल.

मिडी म्हणजे आवाज नव्हे हे मंडळातल्या पोरांना समजावताना लक्षात आलं की बऱ्याच जणांना ते माहितच नसतं. तारेतनं फक्त आकडे जातात: कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. ० ते १२७. मधला सा, म्हणजे पांढरी एक, तो ६०. हे १९८३ सालचं ठरलेलं आहे आणि अजून तसंच चालतंय, त्यामुळं पंचवीस वर्षं जुना कीबोर्ड कुणाच्या माळ्यावर पडला असेल आणि त्याला मिडीचं ते पाच पिनांचं गोल सॉकेट असेल तर तोसुद्धा आज कामाला येतो, फेकू नका.

१५ जून

व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात मारली तो आकडा, काढून टाकली. पेटीच्या बाबतीत हे सगळ्यात आधी करायला पाहिजे. पियानोत पट्टी जोरात मारली की आवाज मोठा, पेटीत मारण्याचा आणि आवाजाचा काही संबंध नाही, पट्टी फक्त हवेचं दार उघडते, जोर सगळा भात्याचा. कीबोर्डवर पेटी वाजवली की ‘खोटी’ वाटते त्याचं निम्मं कारण हेच असतं असं माझं मत झालंय. बोट जरा जोरात पडलं की सूर टपकन उठतो, खऱ्या पेटीत असं कधीच होत नाही. कुणी दुसरं काही करणार नसेल तर निदान एवढं करा, कीबोर्डच्या मेनूत टच रिस्पॉन्स ऑफ असतो.

पट्ट्यांची वाटणी पण ठरली. मामांची पेटी साडेतीन सप्तकाची, ४२ पट्ट्या. त्या नोट ४८ पासून ८९ पर्यंत बसवल्या. खाली १२ उरतात, वर ७. खालच्या बारांवर तानपुरा: जो सूर दाबाल त्या सुरातला तानपुरा सुरू, परत दाबला की बंद. वरच्या सातांतली फक्त शेवटची वापरणार, ९६ नंबर, तिच्यावर ‘सगळे सूर बंद’ (सीसी १२३, सीसी म्हणजे मिडीतला कंट्रोलचा संदेश). एखादा सूर अडकून राहिला तर तीच सुटका. तिला लाल टेप लावली.

ट्रान्सपोज ठेवला नाही. मी विचारलं तर मामा म्हणाले, “कशाला गा ते? बुवा काळी चारात म्हणू दे न्हाईतर पांढरी दोनात, बोटांस्नी म्हायती हाय की.” आणि खरंय, कीबोर्डचाच ट्रान्सपोज दाबला तर आमच्या कीबोर्डवरनं जाणारे नोटचे आकडेच सरकतात आणि ही सगळी वाटणी कोलमडते. कुणाला लागणारच असेल तर तो होस्टमध्ये, वाटणी झाल्यानंतर लावावा.

२१ जून, मध्यरात्र उलटून गेल्यावर

रेकॉर्डिंग सुरू. मामांच्या घराला मंगळुरी कौलं आणि मृगाचा पाऊस, म्हणजे दिवसा प्रश्नच नाही. रात्री सर थांबली की पंधरावीस मिनिटं मिळतात तेवढ्यात जेवढे सूर होतील तेवढे. पागोळ्यांचा आवाज थांबायला सर गेल्यानंतर अजून वेळ लागतो, मामी मधेच दार उघडून सांगत होत्या, “आत्ता घ्या, थांबलाय.”

पेटी डबल सुराची, खर्ज (खालचा सूर) आणि नर (मधला), म्हणजे एका पट्टीला दोन सूर. दोन्ही वेगवेगळे घेतोय. एका स्टॉपनं (पेटीच्या पुढची ओढायची खुंटी) नुसता खर्ज, दुसऱ्यानं नुसता नर. एकत्र घेतले असते तर काम निम्मं झालं असतं, पण दोन सुरांत जो बारीक फरक असतो त्यानं आवाज हळू हळू डोलतो, आणि रेकॉर्डिंग लूप करताना, म्हणजे सूर लांबवायला तोच तुकडा परत परत जोडताना, तो डोल मधेच तुटतो, सांधा कानाला लागतो. वेगळे घेतले की प्रत्येकाचा लूप साफ बसतो आणि दोन्ही एकत्र वाजवले की डोल आपोआप तयार होतो.

प्रत्येक सूर दोनदा: एकदा मंद भात्यावर, एकदा भरून. कारण भाता वाढवला की नुसता आवाज मोठा होत नाही, सुराचा पोतच बदलतो, धार येते, आणि सूर अगदी किंचित उतरतो सुद्धा. ४२ पट्ट्या, दोन सूर, दोन जोर: १६८ रेकॉर्डिंग. ८ सेकंदांचं एक, मोनो, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळं मिळून दोनशे एमबीच्या आत. साध्या लॅपटॉपच्या रॅममध्ये आरामात बसतं.

भाता मी मारत होतो, पट्टी मामा दाबत होते. जोर एकसारखा ठेवायला ते डोळ्यानंच खुणावत होते, जरा कमी, हां, असाच.

६ जुलै, आषाढी

काम बंद. रात्रभर देवळात भजन. पेटीवरच्या पोराच्या डाव्या हाताकडं बघत बसलो होतो. भाता तालावर चालत नाही, शब्दावर चालतो. ओळ संपायला आली की हात सैल पडतो, पुढच्या ओळीच्या आधी एक छोटा दाब, आणि बुवा वर गेले की दोन भराभर. हे पायानं करता येईल का हाच सगळा प्रश्न आहे.

१३ जुलै

पेडल. बाजारातलं एक्स्प्रेशन पेडल (पायानं आवाज कमीजास्त करायचं) घेता आलं असतं पण आमच्या कीबोर्डला त्याचं सॉकेटच नाही, फक्त सस्टेनचं आहे. आणि मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे, लेथ समोर असताना लोखंडाचं काम बाहेरनं कशाला आणायचं.

पहिला विचार १० केचा पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबमागं असतो तो) थेट सांध्यावर लावायचा. हिशेब केला: पेडल फिरणार २५ अंश, पॉट फिरतो ३०० अंश, आर्डुइनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड) त्या ३०० अंशांचे १०२४ भाग वाचतो, म्हणजे २५ अंशांत ८५ च्या आसपास भाग मिळतात. मिडीला १२८ लागतात. पायऱ्या ऐकू येणार. मग मधे गिअर, पण गिअर आला की दातांमधला ढिलेपणा आला, शिवाय हा भाता तासन् तास चालणार, पॉटची कार्बन पट्टी घासून खरखर सुरू होणार. आमच्या शॉपमधले मिस्त्री बघून म्हणाले, “घासणारं काय ठेवूच नको त्यात.” बरोबर बोलले. हॉल सेन्सर ठरवला, ४९ई नावाचा, तीन पायांचा, दिसायला ट्रान्झिस्टरसारखा, चुंबक जवळ आला की व्होल्टेज बदलतो, कुठं काही घासत नाही.

पेडल सागवानी फळीचं, मामांच्या चपलेच्या मापानं. बिजागरीच्या जागी पितळी बुश आणि १० मिलिमीटरची पिन, बुश मीच टर्न केला. परत वर यायला स्प्रिंग. स्प्रिंग मऊ पाहिजे, ताठ असली की एका अभंगातच पोटरी भरून येते.

२० जुलै

आर्डुइनो प्रो मायक्रो लावला. ऊनो चालणार नाही, त्याला स्वतःहून यूएसबी मिडी म्हणून दिसता येत नाही, प्रो मायक्रोमधली ३२यू४ चिप ते करते. लॅपटॉपला आता दोन मिडी डिव्हाइस दिसतात, कीबोर्ड आणि पेडल, रीपरमध्ये दोन्ही एकाच ट्रॅकवर घेतले.

हॉल सेन्सरची एक गोष्ट सांगून ठेवतो. चुंबकाचा जोर अंतराबरोबर सरळ रेषेत बदलत नाही, जवळ आला की एकदम चढतो. त्यामुळं पेडलच्या खालच्या टोकाला आकडे भरभर पळतात आणि वरच्या टोकाला सरकतच नाहीत. पेडलखाली वेगवेगळ्या जाडीचे पॅकिंगचे तुकडे ठेवून रीडिंग घेतली, त्याचं कोष्टक कोडमध्ये टाकलं, आता सरळ आहे. मागची काही रीडिंग एकत्र करून सरासरी, आणि आकडा खरंच बदलला तरच पाठवायचा, नाहीतर पेडल नुसतं पडून असताना पण ६३-६४-६३ असं थरथरत राहतं.

२४ जुलै

मामांनी पहिल्यांदा पाय ठेवला. पेडल जेवढं खाली तेवढा आवाज, साधा सीसी ११, म्हणजे मिडीतला आवाज कमीजास्त करायचा आकडा. दोनच ओळी वाजवल्या आणि थांबले.

“आवाज बरा हाय. माझ्याच पेटीचा हाय. पण हवा कुठं हाय गा ह्यात?”

मी म्हटलं पेडल दाबून धरा, आवाज राहील. म्हणाले, “तेच की. राहतोय. पेटीत राहत न्हाई. संपाय लागती, म्हणून तर मारायचं.”

हे ऐकल्यावर बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. रेडीमेड आवाजांत श्वास नाही असं मी स्वतःच वर लिहून ठेवलंय, तो श्वास म्हणजे नेमकं काय ते मामांनी सांगून टाकलं.

२७ जुलै

स्क्रिप्ट लिहिली. पेटीच्या आत खरं जे होतं तेच आकड्यांत मांडलं. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, आत दुसरा भाता असतो स्प्रिंगवर, तो टाकीसारखा भरतो, आणि सूर वाजतात ते त्या टाकीतल्या दाबावर. म्हणजे पेडल कुठं आहे याला महत्त्व नाही, पेडल खाली किती गेलं याला आहे. खाली जाताना टाकीत भर पडते, वर येताना काहीच नाही. आणि टाकी सतत रिकामी होत असते: थोडी गळती कायमची, आणि दाबलेल्या प्रत्येक पट्टीमागं आणखी.

गळती किती ठेवायची त्यासाठी खऱ्या पेटीलाच विचारलं. भाता पूर्ण भरायचा, एक पट्टी दाबून सोडून द्यायचा आणि घड्याळ लावायचं. मामांच्या पेटीत एक सूर आठनऊ सेकंद टिकतो, तीन एकदम दाबले की तीन सेकंदांच्या आत मान टाकतात. स्क्रिप्टमध्ये तेच आकडे बसवले. टाकीतला दाब सीसी ११ म्हणून सँपलरला, म्हणजे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला जातो, आणि तिथं मंद रेकॉर्डिंगमधनं भरलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज सरकतो.

यातनं एक गोष्ट आपोआप आली जी मी मुद्दाम घातलेली नव्हती. दोन्ही हातांनी भरगच्च सूर दाबले की आवाज जरा बसतो आणि पायाला वेग वाढवावा लागतो. खऱ्या पेटीचा स्वभाव हाच.

३ ऑगस्ट

मामांनी अर्धा तास न बोलता वाजवलं. मधे एकदा डावा हात सवयीनं भात्याकडं गेला आणि परत मांडीवर आला. मग म्हणाले, “गळती जरा ज्यास्त हाय. माझी पेटी एवढी गळकी न्हाई.” कायमची गळती थोडी कमी केली. “हां.”

बसण्याचा विषय निघाला. भजन म्हणजे सतरंजीवर मांडी घालून, आणि मांडी घातली की पेडल कसं मारणार. मामांना एकट्याला खुर्चीवर बसवलं तर ते बुवांच्या डोक्यावर येतात, आणि पेटीवाल्याला बुवांचा चेहरा समोरनं दिसायला पाहिजे, मागनं नव्हे. सुताराकडनं आठ इंच उंचीचा चौरंग करून घ्यायचा ठरलं, एक पाय पुढं सोडून बसता येईल असा. कीबोर्ड त्या मापाच्या बुटक्या घोडीवर.

१० ऑगस्ट

लेटन्सी. पट्टी दाबल्यापासून आवाज यायला लागणारा वेळ. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तयार करतो तो, २५६ सँपलचा ठेवला, ४८ किलोहर्ट्झला तो ५.३ मिलिसेकंद होतो, वर ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारा डबा) स्वतःचा थोडा. १२८ वर पण चालतं पण तानपुरा चालू असताना मधेच टिकटिक येते, स्टेजवर तो धोका घ्यायचा नाही. लोक बफर कमी करण्यामागं लागतात आणि मॉनिटर स्पीकर तीन मीटर लांब ठेवतात. हवेतनं आवाजाला तीन मीटर यायला जवळजवळ ९ मिलिसेकंद लागतात. मॉनिटर मामांच्या गुडघ्याशी ठेवला की निम्मं भांडण मिटतं.

लॅपटॉपवर वायफाय बंद, अपडेट पुढं ढकलले, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. शेवटचं विसरू नका, काही वेळ हालचाल झाली नाही की विंडोज पोर्ट झोपवतं, आणि बुवांचं निरूपण सुरू असताना पेटी तशीही शांतच असते.

१७ ऑगस्ट

सगळ्या मंडळाबरोबर तालीम. मिक्सरला लावल्या लावल्या घूंऽऽ. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद, लावला की सुरू, म्हणजे ग्राउंड लूप, दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळं येणारी घरघर. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामधली अर्थिंगची जोडणी तोडता येणारा डबा) मधे टाकला, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, गेलं. कार्यक्रमात लॅपटॉप बॅटरीवरच ठेवणार, कीबोर्डला पण सेल घातलेत. करंट गेला तरी आमच्या बाजूचं काही बंद पडणार नाही.

यूएसबीच्या वायरी कीबोर्डच्या पायाला टायनं बांधल्या. स्टेजवर प्रसादाचं ताट घेऊन कोण ना कोण चालत जातंच.

तबल्यावर जे आहेत ते घरी कन्नड बोलतात, त्यांनी पहिला अभंग संपल्यावर नुसतं “स्वल्प जोर माड्री” म्हटलं, जरा मोठं करा. बाकी काही नाही. मला एवढंच पाहिजे होतं, कीबोर्ड आहे की पेटी याच्यावर कुणी बोललंच नाही. आमच्याकडं कार्यक्रमात अभंग झाले की दासरपद (कन्नड हरिदासांचं भक्तिपद) असतंच, गावात मराठी-कन्नड दोन्ही घरं असतात, आणि दासरपदाला पेटी जरा वेगळी लागते, धरून ठेवलेले सूर कमी आणि शब्दाबरोबर पळणं जास्त. तिथं टाकी भरून ठेवायला मामांनी पाय बारीक बारीक चालवला, पूर्ण दाब नाहीच. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, पेडलनं पण नाही, ते त्यांच्या अंगातच होतं.

३ सप्टेंबर, कार्यक्रम

गाव जंगलाच्या अंगाला, पाऊस संध्याकाळपासून. मांडवावर ताडपत्री. लॅपटॉप प्लास्टिकच्या डब्यात ठेवला, झाकण मागनं उघडं, गरम हवा जायला पाहिजे. मंडळवाल्यांनी जनरेटर लावलेला होता तरी मधे एकदा अंधार झाला. माइक गेले, पेटीचा मॉनिटर गेला. लॅपटॉप, कीबोर्ड, पेडल चालूच होते, नुसता आवाज बाहेर यायला रस्ता नव्हता. बुवा तसेच म्हणत राहिले, टाळ चालू राहिले, मामांचा पाय पण चालू राहिला, बोटं पण. जनरेटर परत लागला तेव्हा पेटी बरोबर त्याच ओळीत, त्याच जागी होती.

दमट हवेत पट्ट्या चिकटतील असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. खऱ्या पेटीचे सूर पावसाळ्यात जड होतात, रेकॉर्ड केलेल्यांना तो त्रास नाही. बासरीवाल्या पोराला मात्र हे सांगून ठेवायला लागलं की पेटी त्याच्याकडं सरकणार नाही, त्यानंच सूर जुळवून घ्यायचा. तरी होस्टमध्ये फाइन ट्यूनचा एक नॉब काढून ठेवलाय, पुढच्या वेळी त्याला आधी विचारून लावणार.

भैरवी संपल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा पुढं आले, चौरंगाखाली वाकून पेडल बघितलं आणि मामांना विचारलं, “पाय दुखंना झालाय न्हवं?” मामा म्हणाले, “पाय अजून नवा हाय.”

७ सप्टेंबर

विसर्जन झालं. सामान पुसून ठेवलं. पेडलची पिन बघितली, बुशला झीज नाही, स्प्रिंग एका बाजूला जरा कलतीय, तिला खाली वाटी करायला पाहिजे म्हणजे जागेवर राहील.

राहिलेली कामं: कोमल गंधाराचा नर, मंद भात्यावरचा, वरच्या सप्तकातला, त्याचा लूप अजून थोडा ऐकू येतोय, तो पाऊस उघडल्यावर परत रेकॉर्ड करणार. स्टॉपची सोय पेडलशेजारच्या एका फूटस्विचवर, म्हणजे नुसता नर ठेवून गवळण वाजवता येईल, मामांनी मागितलंय. निपाणीकडच्या एका मंडळातनं निरोप आलाय, त्यांच्या पेटीवाल्यांचा पण हातच गेलाय, डावाच. त्यांच्यासाठी पेडल दुसरं करणार, पण सूर त्यांच्या पेटीचे घ्यायचे, मामांचे नकोत. त्यांची पेटी तीन सुरांची आहे, मादीसकट (वरचा सूर), म्हणजे रेकॉर्डिंग ४२ पट्ट्या धरल्या तर २५२. दिवाळीनंतर रात्री कोरड्या असतात, तेव्हा जाणार.